दसऱ्याची झाडलोट

लालबागच्या मसाला गल्लीत नवा माणूस शिरला की आधी शिंकतो आणि मग पत्ता विचारतो. जुनी माणसं शिंकत नाहीत, त्यांची नाकं कधीच शरण गेलेली असतात. हवेत उडणारं तिखट हा त्यांच्या लेखी हवेचाच भाग, आणि हवेला कोण घाबरतं? गंगाधरकाका तर नाहीच. उभा जन्म त्यांनी डंकावर काढला होता. डंक म्हणजे लोखंडी मुसळांचं मशीन. मुसळं वरून धाडधाड पडायची, खाली उखळात भाजलेल्या मिरच्या आणि धणे कुटले जायचे, आणि गाळ्याची जमीन दिवसभर पायाखाली थरथरत असायची.

मिरची कशी जळते हे काकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पूर्वी एकदा कोपऱ्यातल्या पोत्यावर कुणाची तरी विडी पडली. पोतं रात्रभर नुसतं धुमसत राहिलं. सकाळी गाळा उघडला तर अर्धी चाळ खोकत होती, आणि दोन बादल्या पाण्यात खेळ खलास. हा किस्सा ते आल्यागेल्याला सांगायचे. मिरची ही जात्याच आळशी, जळायलासुद्धा तिला कंटाळा, असं म्हणून स्वतःच हसायचे. किस्सा खरा होता, तेच तर वाईट झालं. खोटा असता तर त्यांनी त्याच्यावर इतका भरवसा टाकला नसता.

गाळा चाळीच्या तळमजल्यावर. आत एक मोठा डंक, भिंतीला लागून पोती, डोक्यावर लाकडी पोटमाळा. मागच्या भिंतीला पूर्वी जाळीच्या दोन मोठ्या खिडक्या होत्या. मग मागे गिरणीच्या जागेवर टॉवर उभा राहिला आणि वरच्या मजल्यांवरच्या मंडळींना मसाल्याचा वास सोसेना. मसाला गल्लीच्या पाठीला घर घ्यायचं आणि मग मसाल्याला नाकं मुरडायची, अशी ती तऱ्हा. पण रोजची कटकट नको म्हणून काकांच्या मुलाने, शंतनूने, खिडक्या कायमच्या बंद करून घेतल्या आणि पुढे शटरच्या आत जाड काचेचा दरवाजा बसवला. वास आतच राहू लागला, आणि धूळही. ती वर चढली आणि पोटमाळ्यावर, वाशांवर, पंख्याच्या पात्यांवर बसून राहिली.

शंतनूची थोरली बहीण ऋता. तिचं सासर दादरला, आणि परळच्या एका कॉलेजात ती अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवायची. नवरात्रात, सुट्टी लागायच्या आधी, तिने वर्गात तिचा आवडता प्रयोग केला होता. आधी एका पत्र्यावर चमचाभर कॉर्नफ्लॉवरचा ढीग ठेवून त्याला बर्नर लावला. ढीग वरून काळा पडला, थोडा धुमसला आणि रुसून बसला. मग तेवढंच पीठ पत्र्याच्या डब्यात घातलं, डब्यात पेटती मेणबत्ती ठेवली, झाकण बंद केलं आणि बाजूच्या नळीतून जोरात फुंकर मारली. झाकण छताला जाऊन आदळलं. मुलांनी बाकं वाजवली.

"पीठ तेच, हवा तीच," ऋता म्हणाली. "मग फरक कशाचा?"

"ताकदीचा," मागून कुणीतरी म्हणालं.

"वेगाचा. ढिगाला हवा मिळते फक्त वरून. आधी वरचा थर जळणार, मग खालचा. उष्णतेला निघून जायला वेळ असतो, धुराला दार शोधायला वेळ असतो. त्याला आपण जळणं म्हणतो. तेच पीठ हवेत उडालं की प्रत्येक कणाला चारी बाजूंनी हवा मिळते. मग सगळे कण जवळजवळ एकदम जळतात. गरम वायूला पसरायला जागा लागते, आणि ती करून द्यायला कुणाला वेळच मिळत नाही. मग तो भिंतीच ढकलतो. आग काही निराळी नसते. फक्त तिला घाई झालेली असते."

मुलांना ते शेवटचं वाक्य आवडलं. ऋतालाही आवडलं. ते बोलताना तिला वडिलांचा गाळा एकदाही आठवला नाही. कॉलेजातलं कॉलेजात आणि माहेरचं माहेरी, अशी सवय आपल्या सगळ्यांनाच असते, तशी तिलाही होती.

दसऱ्याच्या सकाळी ती फुलबाजारातून झेंडू आणि आपट्याची पानं घेऊन निघाली. हिंदमातापर्यंत टॅक्सी मुंगीच्या पावलांनी सरकत होती, म्हणून उतरून पिशव्या सांभाळत चालत आली. गल्लीत तोरणं लागली होती. वडिलांच्या गाळ्यासमोर मात्र काहीतरी वेगळं दिसलं. काचेचा दरवाजा बंद होता आणि काचेमागे सगळं लाल होतं. त्या लालीत शिडीवर उभा असलेला एक माणूस अंधूक हलत होता आणि आतून घुर्रर्र आवाज येत होता.

गंगाधरकाका बाहेर स्टुलावर बसले होते. इस्त्रीचा सदरा, कपाळाला गंध, मांडीवर पूजेचं ताट. शेजारी खुर्चीवर ललिताकाकू, ऑपरेशन झालेला गुडघा लांब करून.

"आई, हे काय चाललंय?"

"झाडलोट," काकू म्हणाल्या. "माझ्या गुडघ्यामुळे यंदा राहिली होती ना."

दरवर्षी दसऱ्याआधी ही झाडलोट काकूंची असायची. चाळीतल्या बायका गोळा करून त्या पोटमाळ्यापासून जमिनीपर्यंत सगळं ओल्या फडक्यांनी पुसून काढायच्या. कोरडा झाडू लावायचा नाही, असं सासूबाईंनी बजावलं होतं. का, ते सासूबाईंना विचारायची कुणाची छाती नव्हती. डोळ्यांत तिखट जातं म्हणून, असं सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं. यंदा काकू अडल्या. बायकाही आता कुठे राहिल्यात, निम्म्या ऑफिसला जाणाऱ्या. म्हणून शंतनूने हवेच्या झोताने धूळ उडवणारा ब्लोअर आणला.

तो आवाज थांबला आणि शंतनू दरवाजा ढकलून बाहेर आला. गॉगल, मास्क, आणि पायापासून डोक्यापर्यंत तिखटात घोळवलेला. त्याच्यामागून लाल लोट बाहेर आला आणि सगळेच खोकले.

"ताई, मस्त काम झालं. वर्षानुवर्षांचा कचरा होता वरती. आईच्या फडक्यांना जे जमलं नाही ते ब्लोअरने दोन मिनिटांत केलं बघ."

ऋताने आत पाहिलं. पलीकडची भिंत दिसत नव्हती. मग तिला कळलं की आपण कशाकडे बघतोय.

"आत काही पेटवू नका," ती म्हणाली. "बाबा, दिवा नको. आत्ता नको."

"म्हणजे?"

"ही धूळ हवेत असताना पेटली तर भडका नाही होणार, स्फोट होईल."

गंगाधरकाकांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. शिकलेल्या मुलीचं त्यांना फार कौतुक, त्यामुळे तिचं ऐकायची गरज त्यांना फारशी वाटत नसे. "गो चेडवा, मसालो म्हणजे काय रॉकेल आसा? ते पोतं रात्रभर जळत होतं. दोन बादल्यांत..."

"ते पोतं होतं, बाबा. पोत्यात हवा कुठे असते? ही उडालेली आहे."

"ताई, कॉलेज आणू नकोस यार इथे," शंतनू गॉगल पुसत म्हणाला. "सकाळपासून राबतोय मी."

त्याचा चेहरा पडला होता. एवढं काम करून पहिलं बोलणं हे ऐकायला मिळालं तर कुणाचाही पडेल. ऋताला ते दिसलं आणि तिचा आवाज आपोआप खाली आला. तिने म्हटलं, दरवाजा उघडा ठेवू, चहा घेऊ, धूळ खाली बसू दे, मग पूजा. काकांनी घड्याळाकडे पाहिलं, मुहूर्त होता अजून. ते काही हट्टी नव्हते. चहा आला.

दत्ताराम, डंक चालवणारा जुना कामगार, हार घेऊन ताटकळत उभा होता. चहा पिता पिता त्याचे मालवणी विनोद चालू होते. हळूहळू ऋतालाही हसू आलं. गाळ्यातली लाली विरत गेली. आधी डंकाचा आकार दिसू लागला, मग पोती, मग पलीकडच्या भिंतीवरचा गणपतीचा फोटो. तिने उठून दारातून आत पाहिलं. हवा स्वच्छ होती. कोवळं ऊन जमिनीवर पडलं होतं आणि त्यात फारसं काही तरंगत नव्हतं.

"झालं का मॅडम?" काकांनी विचारलं. "देवाक परवानगी आसा?"

"झालं," ऋता हसून म्हणाली. "आता काही नाही. करा पूजा."

तिने खाली पाहिलं, समोर पाहिलं. वर पाहिलं नाही. धूळ सगळी जमिनीवर बसलेली नव्हती. जितकी खाली बसली तितकीच वाशांवर आणि पोटमाळ्याच्या फळ्यांवर पुन्हा बसली होती, आणि आता ती जुनी, तेलकट, चिकटलेली राहिली नव्हती. ब्लोअरने तिला पिंजून मोकळी केली होती. धक्का लागला की सुटेल, इतकी मोकळी.

पूजा छान झाली. दत्तारामने डंकाला झेंडूचा हार घातला, काकूंनी बसल्या जागेवरून हळदकुंकू पाठवलं आणि मग राहवलं नाही म्हणून काठी टेकत स्वतःच आत आल्या. निरांजन लागलं, समई लागली, कापूर जळला. आरती झाली. काहीही झालं नाही. ऋताला स्वतःची लाज वाटली. सणासुदीच्या दिवशी भावाला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडलं, बाबांना चहा पीत बसवलं, आणि कशासाठी? तिने शंतनूच्या हातावर हळूच चापट मारली. त्याने तिच्याकडे न बघता मान हलवली, म्हणजे रुसवा अर्धा गेला होता.

मग घासाची वेळ आली. ही या घराण्याची रीत. आरती झाली की घरातल्या मोठ्याने डंकाला मूठभर मिरचीचा पहिला घास द्यायचा आणि मशीन सुरू करायचं. तो घास कुटून होईपर्यंत समोरचा दिवा विझता कामा नये. विझला तर ते साल डंकाला धार्जिणं नाही, असं काकांच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं. आजवर दिवा कधी विझला नव्हता.

काकांनी मूठ सोडली. दत्तारामने बटण दाबलं. मुसळं उचलली गेली आणि पडली, आणि सारा गाळा नेहमीसारखा हादरला. नेहमीचा हादरा, पण वरची धूळ नेहमीची नव्हती. पोटमाळ्याच्या फळ्यांमधून एक लाल पडदा सावकाश, अगदी आवाज न करता खाली सुटला. ऋताने तो पाहिला. तिची नजर त्याच्याबरोबर खाली येत गेली, निरांजनापर्यंत.

भप्प.

एवढाच आवाज. डोळ्यांसमोर पिवळी झळ येऊन गेली, अंगावरून गरम वारा गेला, आणि दोन्ही दिवे विझले. मग दत्तारामने आपल्या भुवयांना हात लावला, तर त्या जळून कुरकुरीत झाल्या होत्या. तो हसला. त्याचं बघून शंतनूही हसला. भीती उलटून गेल्यावर येतं ते मोठं, सुटलेलं हसू.

"काय ताई, हाच तुझा स्फोट?"

ऋता हसली नाही. त्या झळेने गाळ्याला आणखी एक दणका दिला होता, आणि आता वाशांवरून, पंख्यावरून, सगळीकडून धूळ सुटत होती. पहिला पडदा लहान होता. आता गाळ्याची सगळी हवाच भरत चालली होती. मशीन धडधडतच होतं आणि प्रत्येक ठोक्याला आणखी पडत होतं.

"बाहेर," ती ओरडली. "सगळे बाहेर. आई, चल. मशीन बंद कर, शंतनू."

"घास संपू दे ना," तो म्हणाला, पण तिचा चेहरा पाहून मशीन तसंच चालू सोडून निघाला. तिने काकूंना जवळजवळ उचललं. दत्तारामने दुसरा दंड धरला. ती पायरी, तो काचेचा दरवाजा, ते रस्त्यावरचं ऊन. आईला खुर्चीत टेकवून तिने मागे वळून माणसं पाहिली. शंतनू होता, दत्ताराम होता. बाबा तिच्यामागूनच येत होते. त्यांचा हात तिच्या पाठीला लागल्याचं तिला आठवत होतं.

ते उंबऱ्यापर्यंत आले होते. तिथे थांबून त्यांनी एकदा मागे पाहिलं होतं. डंक चालू होता, घास अजून कुटला जात होता, आणि समोर दिवा नव्हता. ज्या माणसाने जन्मभर एका मशीनवर घर चालवलं, मुलांची शिक्षणं केली, तो ते दृश्य तसंच टाकून रस्त्यावर कसा येईल? ते परत आत गेले होते. कुणालाही हाक न मारता, कारण काम क्षणाचंच होतं.

ऋताला काचेतून त्यांची पाठ दिसली. लाल धुक्यात पांढरा सदरा. ते निरांजनापुढे वाकले आणि त्यांच्या कोपराची ती ओळखीची हालचाल झाली, काडी ओढण्याची. तिने हाक मारली. "बाबा" मधला पहिला बा तोंडातून निघाला असेल. पुढचा तिचा तिला ऐकू आला नाही.

शुद्ध आली तेव्हा ती समोरच्या दुकानाच्या पायरीवर पडली होती आणि कान बंद होते. गाळ्याला काच नव्हती. मागच्या बुजवलेल्या खिडक्या भिंतीसकट टॉवरच्या आवारात जाऊन पडल्या होत्या. आग मात्र जवळजवळ नव्हतीच. एक-दोन पोती कडेने धुमसत होती, अगदी सावकाश.

काका गेले ते दुपारी, परळच्या इस्पितळात. डॉक्टरांनी सांगितलं की फुफ्फुसं आतून भाजली होती, करण्यासारखं काही नव्हतं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर ऋता आणि ललिताकाकू बसल्या होत्या. समोरच्या बाकावर शंतनू, काचांनी कापलेल्या दोन्ही हातांना बँडेज, अंगावर तेच सकाळचे लाल कपडे. तो रडत नव्हता. सिलिंडर फुटला असेल असं गल्लीत सगळे म्हणत होते, आणि त्यानेही ते धरून ठेवलं होतं. शेजारच्या गाळ्यातला असेल, तो तिसऱ्यांदा म्हणाला. चहावाल्याचा असेल.

फायर ब्रिगेडचे एक साहेब आले. वयस्क, सौम्य माणूस. त्यांनी आधी हात जोडले, मग विचारलं.

"आत गॅस सिलिंडर होता का?"

"नाही," ऋता म्हणाली.

"फटाके? थिनर, रॉकेल, काही?"

"नाही."

"मग होतं काय?"

"मसाला होता हो," ललिताकाकू म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता, दारात आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसा. "आणि तोही सगळा आवरून ठेवलेला. आजच झाडलोट केली ना आम्ही. माझ्या शंतनूने एकट्याने केली. इतका स्वच्छ गाळा आजवर कधी नव्हता बघा."

साहेबांनी ऋताकडे पाहिलं. त्यांना अंदाज आला असावा, पण त्यांना ते कुणीतरी सांगायला हवं होतं. ऋताच्या घशाशी सगळं तयार होतं. वर्षानुवर्षं ती तेच शिकवत आली होती, झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. आणि सांगितलं की समोरच्या बाकावरच्या माणसाला जन्मभर ते घेऊन जगावं लागणार होतं. नाही सांगितलं तर सिलिंडर फुटला असं ठरणार होतं. गल्लीतले बाकीचे डंक पुढच्या दसऱ्याला ब्लोअर आणणार होते, कारण शंतनूचा गाळा किती झटकन साफ झाला हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

"आपण जरा बाहेर बोलू," ती साहेबांना म्हणाली.

"इथेच बोल, ताई," शंतनू म्हणाला. त्याने मान वर केली होती.

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे वळून ती स्वतःपासून सुरुवात करत म्हणाली, "हवा स्वच्छ झाली, पूजा करा, असं मी सांगितलं. मी वर बघितलं नाही." आणि मग धूळ कुठे बसली होती, कशी मोकळी झाली होती, आणि डंक सुरू झाल्यावर काय झालं, ते तिने सावकाश, काहीही न गाळता सांगितलं. ललिताकाकूंचा हात तिच्या हातात होता आणि तो हळूहळू गार पडत गेला. शंतनू शेवटपर्यंत ऐकत राहिला. मध्ये एकदाही तो थांब म्हणाला नाही.